भाड्याचं सिंहासन, विकतचे ढग

व्हिएतनामच्या दक्षिण भागात थंडी आपणहून येत नाही, ती गाडीभाडं मोजून गाठावी लागते. ती जिथे मिळते त्या गावाचं नाव दालात. हो चि मिन्ह सिटीपासून साधारण तीनशे किलोमीटर दूर, लांग बियांगच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंच. खाली बारा महिने घामाच्या धारा आणि वर संध्याकाळी पारा अठरा अंशांवर. अठरा अंश म्हणजे पुणेकर ज्या हवेत 'आज जरा बरं वाटतंय' म्हणून पंखा एकने कमी करतो, ती हवा. सायगावकर (हो चि मिन्ह सिटीचं जुनं नाव सायगाव; सरकारने ते बदललं तरी लोकांनी तोंडून जाऊ दिलेलं नाही) मात्र त्या हवेत लोकरी टोपी, मफलर, हातमोजे आणि वर जाडजूड कोट अशा थाटात फिरतात, की पहाटे एव्हरेस्टवर कूच करायचा हुकूम आलाय असं वाटावं. दालातच्या बाजारात स्वेटरांचे डोंगर लागलेले असतात. उकाड्याच्या देशात स्वेटर विकून पोट भरणारी माणसं आहेत, एवढ्यावरूनच या गावाचा धंदा काय ते ध्यानात यावं.

वर जायचे मार्ग दोन. विमानाने गेलं तर तासाभरात काम होतं आणि घरी आल्यावर सांगण्यासारखं काही उरत नाही. म्हणून हौशी माणूस रात्रीची स्लीपर बस धरतो. दारातच क्लीनर हातात प्लास्टिकची पिशवी देतो. घाटाचा रस्ता ऐकून आलेला मराठी प्रवासी ती पिशवी भलत्याच कामासाठी आहे असं समजून मुकाट्याने खिशात ठेवतो. पण ती चपला-बुटांसाठी असते. पादत्राणं पिशवीत घालायची आणि अनवाणी आत शिरायचं. आत माणसांच्या तीन रांगा आणि दोन मजले. प्रत्येक जागा अर्धी निजलेली. पाय घालायला पुढे एक खोका, आणि त्या खोक्याच्या डोक्यावर पुढच्या प्रवाशाचं डोकं. ज्याने कुणी ही रचना केली त्याच्या नजरेसमोर बारीक चणीचा व्हिएतनामी माणूस असणार. सहा फुटी, सुटलेल्या पोटाचे आपले काका त्या खोक्यात बसवायचे झाले तर आधी त्यांची घडी घालावी लागते. उलगडायला सकाळी पुन्हा दोघं लागतात.

हे गाव 'सापडलं' १८९३ मध्ये. लाच आणि इतर के'हो जमातींचे लोक तिथे पिढ्यान् पिढ्या राहत होते, त्यांना काही ते हरवलेलं नव्हतं. पण जून १८९३ मध्ये अलेक्सांद्र येर्सां हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला फ्रेंच डॉक्टर पायपीट करत पठारावर पोचला आणि तेव्हा देशावर राज्य करणाऱ्या फ्रेंचांच्या लेखी गावाचा जन्म झाला. येर्सांने पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधून काढला. त्या जंतूला आजही त्याचंच नाव आहे. आणि १८९७ मध्ये, मुंबईत प्लेगने हाहाकार माजवलेला असताना, हेच गृहस्थ आपलं प्लेगवरचं सीरम घेऊन मुंबईत आले होते. तिथे त्यांना मनासारखं यश आलं नाही, ते परत गेले. आजी-पणजीने ज्या रोगाच्या नावाने घर सोडून रानात झोपड्या बांधल्या, त्या रोगाच्या जंतूवर कोरलेलं नाव दालातमध्ये मात्र एका रस्त्याला आणि एका फुलबागेला आहे, आणि तिथे नवपरिणीत जोडपी हातात हात घालून बसतात.

त्याच १८९७ साली पॉल दूमेर हा इंडोचायनाचा गव्हर्नर-जनरल झाला. फ्रेंच साहेब लोक हिवतापाने आणि उकाड्याने गळपटत होते, आणि शेजारी इंग्रजांकडे सिमला होतं, दार्जिलिंग होतं. शेजाऱ्याकडे आहे ते आपल्याकडेही हवं, या अतिप्राचीन प्रेरणेतून दूमेरने थंड हवेच्या जागेचा शोध सुरू केला. येर्सांने लांग बियांगचं नाव सुचवलं. रस्ते आणि रेल्वेचे घाट खोदताना मजुरांचे अतोनात हाल झाले, किती जण दगावले, हे तिथल्या रंगीत माहितीपत्रकांत सहसा नसतं. त्यांत असतात ती नॉर्मंडी नि ब्रिटनीच्या वळणाची घरं, १९२२ मध्ये उघडलेलं लांग बियांग पॅलेस हॉटेल आणि गावाच्या मधोमधचं सुंदर तळं. हे तळंसुद्धा देवाने दिलेलं नाही. १९१९ मध्ये ओढ्यावर बांध घालून ते तयार केलं. म्हणजे फ्रेंचांना घरची आठवण आली की बघायला एक युरोप हवा होता, तो त्यांनी मागवून घेतला, जागेवर जोडला आणि त्याला निसर्गसौंदर्य म्हटलं.

पाइनची झाडं तेवढी अस्सल तिथलीच. त्यातही गंमत अशी, की वनस्पतिशास्त्रात त्या जातीला नाव मिळालंय ते आपल्या मेघालयातल्या खासी डोंगरांवरून.

तळ्याला १९५३ मध्ये नवं नाव मिळालं : शुआन हुओंग. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या हो शुआन हुओंग या कवयित्रीचं हे नाव. या बाईंची ख्याती अशी, की त्यांनी फणसावर लिहिलं, पंख्यावर लिहिलं, झोपाळ्यावर लिहिलं, आणि वाचणाऱ्याचे कान लाल व्हायला फणस, पंखा किंवा झोपाळा कधीच कारणीभूत नव्हता. आपल्याकडच्या बैठकीच्या लावणीला या बाई कळल्या असत्या. अशा कवयित्रीच्या नावाच्या तळ्यात आज प्लास्टिकचे पांढरेशुभ्र हंस पोहतात. हंसाच्या पोटात दोन जागा आणि दोघांसाठी पायडल. नियमाप्रमाणे दोघांनी मिळून मारायचं असतं. थोडा वेळ काठावर उभं राहिलं की कोणत्या हंसात लग्न नवं आहे आणि कोणत्यात मुरलेलं, हे लांबून ओळखू येतं. मुरलेल्या हंसात एकच जण पायडल मारत असतो आणि दुसरी व्यक्ती दिशा सांगत असते.

गावाच्या उत्तरेला 'प्रेमाची दरी' आहे. फ्रेंचांच्या काळापासून तिची कीर्ती. डोंगर, पाइन, खाली तळं, एवढा ऐवज कोणत्याही प्रेमाला पुरेसा होता. पण पर्यटनखात्याच्या माणसाला निसर्ग कधीच पुरेसा वाटत नाही, मग तो कोणत्याही देशाचा असो. म्हणून दरीत हृदयाच्या आकाराच्या कमानी आल्या, पुतळे आले, जगातल्या आश्चर्यांच्या छोट्या प्रतिकृती आल्या, झुडपांचा भुलभुलैया आला. घोडे घेऊन उभे राहिलेले लोक अमेरिकन काउबॉयच्या वेषात असतात. ज्या देशाने अमेरिकेशी इतकी वर्षं युद्ध केलं त्या देशातला माणूस काउबॉयची टोपी घालून घोड्याचा लगाम धरतो आणि एका फोटोचे पैसे घेतो, याला सूड म्हणायचं की क्षमा, हे इतिहासकारांनी ठरवावं.

दालातच्या कुठल्याही बागेत शिरलं की एक गोष्ट लक्षात येते. तिथे फुलं बघायला फारसं कुणी आलेलं नसतं. सगळे फुलांत उभे राहायला आलेले असतात. हायड्रेंजियाच्या निळ्या-जांभळ्या शेतात वाफ्यांच्या मधून पायवाटा आखलेल्या, आणि वाटेवर जागोजागी थांबे : इथे पाळणा, तिथे वेताचं माणूसभर घरटं, पलीकडे कुठेच न जाणारा जिना. पांढरा झगा, वेताची हॅट, हातात छोटी टोपली असा मुलींचा गणवेश ठरलेला. टोपली रिकामी असते. फुलं तोडायला बंदी आहे आणि टोपली तशीही त्यासाठी आणलेली नसते. नवरा किंवा होऊ घातलेला नवरा समोर गुडघ्यावर, मग कोपरावर, मग चक्क पोटावर. पुरुषजातीने लग्नाची मागणी घालताना कधी घेतले नसतील इतके कष्ट तो एका कोनासाठी घेतो. फोटो दाखवला जातो. ती मान हलवते. तो पुन्हा आडवा होतो. मागे रांगेत उभी असलेली पाच जोडपी अजिबात कुरकुर करत नाहीत, कारण प्रत्येकाला ठाऊक असतं की आपली पाळी आल्यावर आपणही हेच करणार.

बालीमधल्या लेंपुयांग देवळाचं 'स्वर्गाचं दार' जगप्रसिद्ध आहे. दाराच्या पायथ्याशी पाणी आणि त्यात पडलेलं प्रतिबिंब. खरं तर तिथे पाणी नाहीच, फोटो काढणारा फोनच्या कॅमेऱ्याखाली आरशाचा तुकडा धरतो. दालात परिसरातल्या बागांनी या दाराच्या नकला उभारल्या आहेत, म्हणजे नसलेल्या पाण्याची आणखी एक आवृत्ती. लोक तिथेही रांग लावतात, आणि तक्रार कुणाचीच नाही.

यात मराठी मंडळी कमी नाहीत. मुंबईहून हो चि मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाल्यापासून व्हिएतनामला जाणाऱ्यांची रीघ लागली आहे, आणि हालाँग बे, दा नांग झालं की पुढच्या खेपेला दालात येतं. काकू पहिल्या दिवशी गडबडतात त्या चलनाने. कॉफीचा पेला पन्नास हजारांना म्हटल्यावर हातातली पर्स गळून पडते. एका रुपयाला साधारण तीनशे डाँग मिळतात, म्हणजे तो पेला पावणेदोनशे रुपयांच्या आत पडला, असा हिशेब होईपर्यंत कॉफी गार होते. पण दुसऱ्या दिवशी त्याच काकू 'अडीच लाखाला कसलं देतोय, दोनला दे' अशी घासाघीस अस्खलित मराठीत करतात आणि बाजारातल्या बाईला ती समजते. काका मात्र दौऱ्यावर असेपर्यंत खिशातल्या नोटा मोजून करोडपती असल्याचं समाधान लुटतात. फुलांपेक्षा त्यांना यात जास्त रस असतो.

काकांसाठी खरी मेजवानी आहे बाओ दाइच्या उन्हाळी महालात. व्हिएतनामचा हा शेवटचा सम्राट. १९४५ मध्ये त्याने गादी सोडली, १९४९ मध्ये फ्रेंचांनी त्याला राष्ट्रप्रमुख म्हणून पुन्हा आणलं, आणि नंतर तो कायमचा फ्रान्सला गेला. त्याला शिकारीचा भारी नाद होता. १९३० च्या दशकात बांधलेला त्याचा तिसरा महाल आता तिकिटावर बघता येतो, आणि थोडे जास्त पैसे मोजले की सम्राटाची भरजरी वस्त्रं अंगावर चढवून सिंहासनावर बसताही येतं. काका बसतात. झब्बा पोटावर अडतो, मुकुट कपाळावर सरकतो, पण चेहऱ्यावर जे तेज येतं ते सोसायटीच्या सेक्रेटरीपदाच्या तीन कारकिर्दींतही आलेलं नसतं. 'राणी' म्हणून बाजूच्या खुर्चीत बसलेल्या काकू फोटोग्राफरला खुणेने विचारतात, की मीच मधे बसले तर चालेल का? चालतं. वस्त्रं तीच, भाडं तेच.

सम्राट वाघांच्या मागे रानात जाई. हल्लीचे पर्यटक पहाटे चारला उठून ढगांच्या शिकारीला जातात. तिकडे या प्रकाराला सगळे असंच म्हणतात, ढगांची शिकार. गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर काउ दातचे चहाचे मळे आहेत. तिथला चहाचा कारखाना १९२७ चा. पहाटे दऱ्यांमध्ये ढग साचतात आणि डोंगरांचे शेंडे तेवढे वर राहतात. खरोखर देखणं दृश्य, टिंगल करायला जीभ धजत नाही. पण ढग हे वक्तशीर सरकारी नोकर नव्हेत. ते कधी येतात, कधी दांडी मारतात, कधी इतके येतात की हातातला फोनही दिसत नाही. उतारावर लाकडी सज्जे बांधलेल्या कॉफीच्या टपऱ्या आहेत. सज्ज्यावर उभं राहायचं तर पेय घ्यावं लागतं, ढग येवोत न येवोत. कुडकुडत, हातात गरम पेला धरून, धुक्याकडे टक लावून बसलेले हे शिकारी बघितले की वाटतं, वाघ परवडला. तो निदान आवाज तरी करतो.

दालातमधली सगळ्यात प्रामाणिक वास्तू वेड्या घराची आहे. प्रामाणिक अशासाठी, की ती आपण खऱ्या कशासारख्या तरी आहोत असा दावाच करत नाही. दांग व्हिएत न्गा या वास्तुरचनाकार बाईंनी १९९० मध्ये ती उभारायला घेतली. त्यांचे वडील त्रुओंग चिन्ह म्हणजे कम्युनिस्ट पक्षातली पहिल्या फळीतली असामी, देशाच्या सर्वोच्च पदांवर राहिलेले. बाई मॉस्कोत वास्तुशास्त्र शिकल्या, डॉक्टरेट केली, आणि घर बांधलं ते वडाच्या पोकळ खोडासारखं. सरळ भिंत नाही, सरळ खिडकी नाही. जिने मुळांसारखे वळत एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर जातात, रुंदी एका माणसापुरती आणि कठडा गुडघ्याच्या थोडाच वर. समोरून कुणी आलं की एकाने मागे जायचं, हा न्याय. गुडघेदुखीवाल्या काकांची आणि खाली उतरणाऱ्या कोरियन आजींची तिथे गाठ पडली की दोघंही अत्यंत नम्रपणे एकमेकांना 'तुम्ही आधी' म्हणत राहतात आणि मागची वीस माणसं आभाळात लटकतात. हे घर म्हणजे चालतं अतिथिगृह आहे. खोल्या प्राण्यांच्या : वाघाची, अस्वलाची, गरुडाची, मुंगीची. राहणाऱ्याला फक्त एवढं पाळावं लागतं, की दिवसा पर्यटक हिंडत असतात. दुपारची वामकुक्षी घ्यायची सवय असलेल्याने खिडकीबाहेर कुटुंबं थांबून 'आत कोण आहे गं?' विचारतील याची तयारी ठेवावी.

संध्याकाळी बाजाराच्या उतारावर कोळशाच्या शेगड्या पेटतात. तांदळाचा पातळ, गोल, कोरडा पापड जाळीवर पडतो. बाई त्यावर लाव्याचं अंडं फोडते, चमचाभर कांद्याची पात आणि जवळ्यासारखी बारीक सुकी कोलंबी टाकते, आणि चॉपस्टिकच्या टोकाने ते मिश्रण पापडभर फासत जाते. दुसऱ्या हाताने पापड सारखा फिरता ठेवलेला, नाहीतर एका जागी करपेल. कडा वर यायला लागल्या की तिखट सॉसची एक रेघ, आणि पापड कुरकुरीत व्हायच्या आत मधोमध दुमडून कागदात. हे करताना ती शेजारणीशी भांडत असते आणि तिसऱ्याला सुटे पैसे देत असते. पर्यटकांना सांगताना याला 'व्हिएतनामी पिझ्झा' म्हणतात, तो पापडावर अन्याय आहे. आपले शाकाहारी लोक कोलंबीकडे बोट दाखवून जोरजोरात मान हलवतात. बाई समजूतदारपणे कोलंबी वगळते आणि जास्तीचं अंडं घालते.

मग फ्रेंचांची देणगी असलेल्या आर्टिचोकचा वाळवलेला चहा येतो. यकृताला बरा, असं विकणारी सांगते. काकू चार पुडे घेतात. स्ट्रॉबेरीचा मुरांबा तर घ्यावाच लागतो, कारण मराठी माणूस थंड हवेच्या ठिकाणाहून स्ट्रॉबेरी न घेता उतरला असं महाबळेश्वरपासून आजवर घडलेलं नाही.

रात्री टेकडीवरून खाली पाहिलं तर दऱ्या उजळलेल्या दिसतात, एकसारख्या पिवळट प्रकाशाच्या चौकोनांनी. ती घरं नव्हेत. ती प्लास्टिकची हरितगृहं. दालातच्या फुलांचा आणि भाज्यांचा खरा कारखाना तिथे चालतो. १९३८ मध्ये हनोईजवळच्या हा दोंग भागातून काही शेतकरी कुटुंबं इथे आणून वसवली गेली, तेव्हापासून इथली बागायत वाढत वाढत सगळ्या उतारांवर पसरली. आत दिवे जळतात ते शेवंतीसाठी. दिवस लहान झाला की शेवंती कळ्या धरते. दांडा हवा तेवढा लांब होईपर्यंत तिला फुलू द्यायचं नसतं, म्हणून रात्री दिवे लावून तिला अजून दिवसच आहे असं भासवतात. फूलसुद्धा इथे फसवूनच उमलवतात. आणि हा झगमगाट बघण्यासाठी समोरच्या टेकडीवर कॉफीची दुकानं निघाली आहेत, खिडकीजवळची जागा आधी सांगून ठेवावी लागते. याच प्लास्टिकमुळे पावसाचं पाणी मुरत नाही, जोराची सर आली की थेट रस्त्यावर येतं आणि पठारावरच्या गावात पूर येतो. शहराच्या आतल्या भागातली हरितगृहं २०३० पर्यंत हटवायची योजना सरकारने जाहीर केली आहे. शेतकरी विचारतात, मग खायचं काय? कॉफीवाले विचारतात, मग दाखवायचं काय?

या गावाने बाहेरून काय काय आणलं याची गोष्ट रेल्वे स्टेशनावर सगळ्यात रंगते. खालच्या थाप चामहून दालातपर्यंत ८४ किलोमीटरचा मार्ग फ्रेंचांनी १९३२ मध्ये पूर्ण केला. चढ इतका उभा, की काही टप्प्यांवर दातेरी रूळ टाकावे लागले, आणि त्यासाठी इंजिनं आली स्वित्झर्लंडहून. पुढे १९४७ मध्ये आल्प्समधल्या फुर्का मार्गावर वापरलेली चार जुनी इंजिनंही इथे येऊन दाखल झाली. युद्धात मार्ग बंद पडला, नंतर रूळ उखडून दुसरीकडे दुरुस्तीला नेले, इंजिनं गंजत पडली. १९९० मध्ये फुर्का मार्ग पुन्हा चालवू पाहणाऱ्या स्विस हौशी लोकांनी ती विकत घेतली, मोठ्या कष्टाने बंदरापर्यंत पोचवली आणि मायदेशी परत नेली. त्यातली काही आज दुरुस्त होऊन खऱ्या आल्प्समध्ये धावतात. म्हणजे आल्प्सची नक्कल करायला नेलेला माल नक्कल संपल्यावर मूळ मालकाने परत नेला.

दालातच्या स्टेशनावर आता सात किलोमीटरवरच्या त्राइ मातपर्यंत पर्यटकांची गाडी जाते. इमारत १९३८ ची, तीन टोकदार छपरांची, अतिशय सुरेख. फलाटाशेजारी एक काळं वाफेचं इंजिन उभं आहे. ते जपानी बनावटीचं, दातेरी चढ चढणाऱ्यांपैकी नव्हेच. त्याच्या पायरीवर, खिडकीत, धुराड्याखाली लग्नाच्या पोषाखातली जोडपी दाटीवाटीने उभी असतात. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका इंजिनाची चाकं मोजत, वाकून जोडणी बघत सावकाश फेरी मारतात आणि हे या मार्गाचं इंजिन नसल्याचं जमलेल्या मंडळींना ठासून सांगतात. फोटोग्राफर हसून मान डोलावतो आणि हातानेच खूण करतो : काका, जरा डावीकडे, फ्रेममध्ये येताय.